आण्णासाहेबांची लाल रेघ

तामलवाडीच्या शेळीपालक गटाची वही आण्णासाहेबांनी एकोणीस वर्षं लिहिली. तिच्यात एकही खोटी नोंद नाही, हे ते कोणी विचारलं नाही तरी सांगत. कायदा त्यांचाच होता. शेळी जिवंत असली तर नाव निळ्या शाईत. मेली, विकली, लांडग्यानं नेली, तर नावाखाली लाल रेघ. गावातल्या बायका दांडग्या शेळीला शिवी देतानाही “लाल रेघ लागो तुला” म्हणत.

यंदा लस टोचायला येणाऱ्या डॉक्टरांनी यादी संगणकावर मागितली. सोमवारी ती समाजमंदिरातल्या टीव्हीवर सगळ्यांसमोर वाचायची होती. सून दीपमालानं वही बघून एकशे बारा शेळ्या तक्त्यात भरल्या आणि सासऱ्यांना पडदा दाखवला. त्यांचा चहा बशीतच राहिला. बांडी, झिपरी, भोरकी, कानबी, जिच्या तिच्या नावाखाली लाल नागमोडी रेघ. कानातल्या बिल्ल्यांच्या नंबरांनाही तीच.

“समद्या मारल्यास की गं,” ते म्हणाले.

दीपमालानं समजावलं की मशीनला पुस्तकातले शब्द तेवढे कळतात. न कळलेल्याखाली ते रेघ मारतं. तिनं सेटिंगमध्ये जाऊन आकडे असलेले शब्द सोडून दे म्हणून खूण केली, तशा बिल्ल्यांच्या नंबरांखालच्या रेघा गेल्या. राहिली नावं. ती एकेक करून शब्दकोशात घालावी लागतील, नाहीतर तपासणीच बंद करू, एका क्लिकचं काम, असं ती म्हणाली. तपासणी बंद म्हणताच आण्णासाहेब बिथरले. आणि नाव मान्य करायचं तर शेळी आधी डोळ्यांनी बघायला नको का?

झालं, काठी घेऊन स्वारी निघाली. तीन दिवस ते दारोदार फिरले. शेळी दिसली की तिथूनच सुनेला फोन: “बांडी, जित्ती हाय, घाल.” हरणाबाईंच्या झिपरीनं त्यांच्या धोतराचा सोगा चावला, तर तो त्यांनी जिवंतपणाचा पुरावा धरला. व्यंकटची भोरकी रानात होती, म्हणून ते दुपारभर बांधावर बसून राहिले. मशीनला माझी शेळी पटत नाही का, असं व्यंकटनं खवचटपणे विचारलं. मशीनला काहीही पटतं, मला पटली पाहिजे, असं उत्तर त्याला मिळालं. गाव हसलं, पण शेळ्या दाखवल्या. दोघीतिघींनी तर शिंगांना तेल लावून दाखवल्या.

रविवारी पडदा लख्ख झाला. आण्णासाहेब खुशीत वरून खाली नावं वाचू लागले आणि एका नावापाशी अडकले. चांदणी. या नावाला पहिल्या दिवसापासूनच रेघ नव्हती, म्हणून तिला बघायला जायची वेळच आली नव्हती. जायचं होतं कुठं? त्यांच्याच गोठ्यात. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

चांदणी दगडाबाईंची, म्हणजे आण्णासाहेबांच्या बायकोची. दगडाबाई गेल्या, त्यानंतर आण्णासाहेब तिला हातानं चारा घालत. भादव्यात ती मेली, त्यांनी तिला गोठ्यामागं पुरलं, आणि वहीतलं नाव निळंच ठेवलं. एकोणीस वर्षांतली तेवढी एकच रेघ त्यांच्या हातून ओढली गेली नव्हती. दीपमालाला ते ठाऊक होतं. टाइप करताना ती काही बोलली नव्हती.

“हिला कशी रेघ न्हाय मारली त्यानं?” त्यांनी विचारलं.

“चांदणी पुस्तकातला शब्द हाय, मामा. मशीनला शेळी कुठं ठाव?”

हातानं रेघ कशी मारायची ते आण्णासाहेबांनी विचारलं. तिनं दाखवलं: नाव निवडायचं, खाली रेघ द्यायची, रंग लाल. माउस त्यांनीच धरला. तो इतका घसरला की शेजारची कानबी दोनदा मेली आणि दोनदा परत जिवंत करावी लागली.

सोमवारी टीव्हीवर एकच लाल रेघ होती. आण्णासाहेब नावं वाचत तिच्यापाशी आले आणि सभेकडं न बघता म्हणाले, “चांदणी. मयत. भादव्यातच. नोंद माझ्याकडून चुकली.”

बायकांतून हरणाबाई म्हणाल्या, “ठाव हाय की समद्यांला. तुमी कवा सांगताव, तेच बघत हुतो. फुडचं नाव वाचा.”