सूर्य मावळायच्या आत

अमिरातीतल्या फुजैराच्या ज्या ऑइल टर्मिनलमध्ये मी जहाजांची कागदपत्रं बघते, तिथल्या लॅबमध्ये एक पोलिश बाई आहे. जेवणाच्या सुट्टीत एकमेकींच्या डब्यांत डोकावता डोकावता आमची मैत्री झाली. गेल्या हिवाळ्यात तिची आई क्राकूहून दोन महिन्यांसाठी आली. वय एकाहत्तर, एक गुडघा दुखरा, इंग्रजी मोडकंतोडकं. पण आठवड्याभरात बाईंनी अरबीतलं ‘यल्ला’, म्हणजे ‘चला, चला’, उचललं आणि लिफ्टमधल्या माणसांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना त्या एका शब्दावर पळवायला लागल्या. मी त्यांना आजी म्हणायचे.

एका दुपारी त्या माझ्या स्वयंपाकघरात पिएरोगी शिकवायला आल्या. मैद्याची पातळ पारी, आत उकडलेला बटाटा, परतलेला कांदा आणि पनीरसारखं मऊ चीज. मी सवयीने करंजीसारखी मुरड घालायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला. “नो, नो. बट व्हेरी ब्यूटिफुल.”

पीठ मळलेल्या हातांनीच त्या मग सांगायला लागल्या. लहानपणी दर शुक्रवारी संध्याकाळी त्यांची आजी कोठीच्या खोलीत जायची, दार लोटून दोन मेणबत्त्या लावायची, हात ज्योतींभोवती तीनदा फिरवायची आणि डोळे झाकून काहीतरी पुटपुटत उभी राहायची. घरात दिवे असताना मेणबत्त्या कशाला, असं विचारलं की म्हणायची, डोळ्यांना बरं वाटतं. ती ज्यू होती, हे आईने मरताना सांगितलं, तेव्हा या स्वतः पन्नाशीच्या होत्या. युद्धात जीव वाचला तो खोट्या कागदांवर. पुढे तेच कागद आयुष्यभर खरे मानायचे ठरले.

“मेणबत्त्या लावून ज्यू लोक शुक्रवारी जेवायला बसतात ना, मला त्या टेबलाशी बसायचंय,” त्या म्हणाल्या. “एकदा. क्राकूत नाही जमलं. तिथे सगळे ओळखतात.”

दुबईत एक ज्यू कुटुंब शुक्रवारी पाहुण्यांना जेवायला बोलावतं, असं शोधाशोध केल्यावर कळलं. मी मेल पाठवला, पासपोर्टच्या प्रती पाठवल्या आणि यजमानीणबाईंचा फोन आला. त्यांनी वेळ सांगितली: मेणबत्त्या सव्वापाचला. त्यानंतर सूर्य मावळतो आणि शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो; मग काडी पेटवता येत नाही.

“आम्ही पिएरोगी आणू?” मी विचारलं.

त्या जरा अवघडल्या. बाहेरच्या स्वयंपाकघरातलं अन्न त्यांच्याकडे चालत नाही, दुधाची आणि मटणाची भांडीसुद्धा वेगळी. मी म्हटलं, समजलं. आमच्या घरी नैवेद्य दाखवून होईपर्यंत बाहेरचा पदार्थ ओट्यावर ठेवू देत नाहीत. सोवळं मला कुणी इंग्रजीत समजावून सांगायची गरज नव्हती.

लेक आईला घेऊन जाणार होती. पण नेमका त्याच शुक्रवारी एक टँकर धक्क्याला लागला, त्यातल्या तेलाचे नमुने तपासायचे होते आणि तिची सुट्टी रद्द झाली. आजींचा चेहरा पडला. मी म्हटलं, मी नेते. माझा अर्धा दिवस होता. माझ्या मुलीने दारातच विचारलं, “आई, इज शी गोइंग टू क्राय?” मी म्हटलं, “कदाचित मीच रडेन.”

दोनला निघालो. डोंगरातला रस्ता मोकळा होता. शहराच्या तोंडाशी मात्र कुठेतरी अपघात झालेला, आणि सहा लेन जागच्या जागी उभ्या. चार वाजले. साडेचार झाले. आजींनी डबा उघडला आणि आम्ही गार पिएरोगी हातानेच खाल्ल्या. त्या सारख्या पश्चिमेकडे बघत होत्या. सूर्य इमारतींच्या मधोमध आला होता.

पाचला पाच कमी असताना मी गाडी एका मॉलच्या पार्किंगमध्ये घातली. नकाशा म्हणत होता, चालत पंधरा मिनिटं.

“आजी, गुडघा?”

“यल्ला!” त्या म्हणाल्या आणि माझ्या पुढे निघाल्या.

आम्ही चाललो नाही, जवळजवळ धावलो. आजींनी माझा दंड घट्ट धरला होता आणि तोंडाने पोलिशमध्ये गुडघ्याला काहीबाही सुनावत होत्या. दाराशी रखवालदाराने पासपोर्ट तपासले. तो एकेक पान शांतपणे उलटत होता आणि मला घाम फुटला होता. आत शिरताच माझ्या तोंडून निघालं, “पोचलो बाई एकदाचे!”

“पोचलात. अजून चार मिनिटं आहेत,” कुणीतरी मराठीत म्हणालं.

मी वळले. डोक्यावर छोटी गोल टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ हसत उभे होते. ते ठाण्याचे, मुलाकडे आलेले. घराणं मूळचं अलिबागकडच्या ज्यूंपैकी. “आमच्या घरी हे सगळं मराठीतून चालायचं,” ते म्हणाले. “कीर्तनापासून मलिद्यापर्यंत. मलिदा माहितीये ना? पोहे, गूळ, खोबरं.” मग आवाज खाली आणून, “आधी त्यांना पुढे जाऊ द्या.”

एका टेबलावर मेणबत्त्या मांडल्या होत्या. बायका आपापल्या लावत होत्या. यजमानीणबाईंनी आजींसमोर दोन ठेवल्या आणि कसं करायचं ते दाखवायला हात उचलला. पण आजींनी काडी ओढलीसुद्धा होती. दोन्ही मेणबत्त्या पेटल्या. आणि त्यांचे हात उठले, ज्योतींभोवती एकदा, दोनदा, तीनदा फिरले आणि डोळ्यांवर गेले. कुणी शिकवलं नव्हतं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी दाराच्या फटीतून पाहिलं होतं तेवढंच.

यजमानीणबाईंनी प्रार्थनेचा एकेक शब्द सांगायला सुरुवात केली. आजी मागून म्हणत होत्या, अडखळत, पोलिश वळणाने. शेवटच्या दोन शब्दांना मात्र त्यांनी वाट पाहिली नाही. ते त्यांच्याच तोंडून आधी आले. यजमानीणबाई थांबल्या. आजींनी डोळ्यांवरून हात काढले. मुलीला सांगितल्याप्रमाणे मी रडत होते. आजी अजिबात रडत नव्हत्या. शर्यत जिंकल्यासारख्या ताठ उभ्या होत्या.

मग जेवायला बसलो. वेणीसारखा विणलेला हल्ला नावाचा पाव मोडून, मीठ लावून सगळ्यांना वाटला. वाइनवरची प्रार्थना ठाण्याचे काका मला हळूच मराठीत सांगत होते. माझ्या शाकाहारी ताटात शेवयांची भाजलेली गोड वडी आणि बीट आलं, आजींच्या ताटात माशाचे गार गोळे. मध्येच यजमानीणबाईंनी विचारलं, “तुमच्या आजीचं नाव काय होतं?”

आजींनी ते सांगितलं. खोट्या कागदांवरचं नाही, पहिलं, खरं. ते मी इथे लिहीत नाही. ते त्यांचं आहे. पण सोळा माणसांसमोर त्यांनी ते मोठ्याने, आडनावासकट उच्चारलं, आणि टेबलाच्या पार टोकाला बसलेल्या एका कानाने अधू बाईंसाठी आणखी एकदा, अधिक मोठ्याने.

त्यानंतर त्यांनी माशाचा घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

“साखर कुठेय?” त्यांनी मला विचारलं. त्यांचं मोडकं इंग्रजी नीट करून मी पुढे सांगितलं.

यजमानीणबाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांच्या माहेरी माशात मिरी घालतात, साखर कधीच नाही. आजी म्हणाल्या, त्यांच्या घरी रविवारी गोड मासा व्हायचा आणि खरा मासा तोच. दोघी इरेला पेटल्या. अर्ध्या टेबलाने यांची बाजू घेतली, अर्ध्याने त्यांची. काका माझ्या कानात म्हणाले, “झालं, आता त्या घरच्याच.”

निकाल काही लागला नाही. शेवटी यजमानीणबाईंनी हात टेकले: पुढच्या आठवड्यात या, आमच्या ओट्यावर, आमच्या भांड्यांत तुम्हीच करून दाखवा.

आणि आजी खरंच त्यांच्याकडे करायला गेल्या. त्या शुक्रवारी आणि पुढचे आणखी चार. शेवटच्या शुक्रवारी मीही होते. दोन परातींत मासा होता, एक मिरीचा, एक साखरेचा. साखरेची परात आधी रिकामी झाली. आजींनी ती उचलून सगळ्यांना फिरवून दाखवली, तळ वर करून.