बाग तोडायची आहे

माझी बाग मला मारायला टपलेली होती, आणि मला ते फार आवडायचं.

वरुडहून शेंदूरजनाघाटला जाणाऱ्या रस्त्याला सासऱ्यांचा संत्र्याचा दोन एकराचा तुकडा. झाडं वाळली तेव्हा नवरा नवीन कलमं लावायचं म्हणाला. मी म्हटलं, राहू द्या, बघू काय उगवतं. जे उगवलं त्याला दात होते. एकदा मुंगसाने माझ्यासमोर नागाचं डोकं फोडलं, सुपारी फोडावी तसं, सावकाश. भारद्वाज बुलबुलाच्या घरट्यातून एकेक पिल्लू उचलून गिळायचा, आणि आईबाप त्याच्या डोक्यावर किंचाळत राहायचे. लोकांना वाटतं, पाखरांची बाग म्हणजे शांतता. माझ्याकडे रोज खून पडायचे, आणि दर रविवारी अमरावतीहून येऊन मी पहिल्या रांगेत हजर.

मीही काही गरीब गाय नव्हते. पायवाट मोकळी ठेवायची, पाणवठा उपसायचा, घाणेरी मागे रेटायची, तर कोयता चालवावाच लागतो. पंधरा वर्षं चालवला. गेल्या दिवाळीनंतर एका घावात घाणेरीऐवजी माझी नडगी सापडली. फाटकापर्यंत चालत आले तेव्हा चपलेत रक्त पचपच वाजत होतं. कंबर तर आधीच गेलेली. डॉक्टर म्हणाले, आता वाकायचं नाही. नवरा टाके बघत म्हणाला, "ते बाग वाढून राहिली, अन् तू वाकून राहिली. दोघीतली एकच जगन."

म्हणून तुकडा शेजाऱ्याला द्यायचं ठरलं. हा संत्रेवाला. माझ्या साळिंदरांनी याच्या ठिबकच्या नळ्या इतक्यांदा कुरतडल्या होत्या, तरी मला वहिनी म्हणायचा, हा त्याचा मोठेपणा. झाडंझुडपं मी तोडून द्यायची, मग तो जेसीबी फिरवून नवीन संत्रा लावणार. मी एकच गोष्ट मागितली. विहिरीजवळच्या कडुनिंबाच्या ढोलीत पिंगळ्यांची, त्या ठेंगण्या घुबडांची, तीन पिल्लं होती. ती उडेपर्यंत तेवढं झाड ठेव. तो हात जोडून म्हणाला की निंबाच्या सावलीत संत्रा धरत नाही, आणि जेसीबी काही दोनदा बोलावता येत नाही. त्याचंही खरंच होतं. मी मान हलवली आणि घरी येऊन रडले, तेही मोठ्याने.

मग सासऱ्यांच्या वेळच्या मुकादमाला फोन केला. म्हटलं, बाग तोडायची आहे, माणसं घेऊन या. त्याने विचारलं, माल कसा आहे. मी म्हटलं, दाट, आत शिरता येत नाही. तो फारच खूश झाला. लाकडाने माणूस इतका का खूश व्हावा, हे मला कळलं नाही.

सकाळी ट्रक आला. बारा माणसं, शिड्या, आकड्या आणि प्लास्टिकच्या कॅरेटची ही चळत. मुकादम फाटकाशी उभा राहून आत बघत राहिला.

"बाई, संत्रं कोठी हाय?"

इथे बाग तोडणं म्हणजे फळं उतरवणं. मी अकोल्याची, कापसातली. आमच्याकडे वेचतात. पण तीस वर्षं संत्र्यात काढून हे मला कळायला हवं होतं. मी तिथेच धुळीत बसून हसले. मुकादम काही हसला नाही. इतक्या लांबून आलेत, तर निंबाशेजारचं कवठ लदलंय, तेच उतरवा म्हटलं.

आधी खाजकुइली लागली. दोघांनी शर्ट फाडून काढले, एकजण पाठ बाभळीवर घासायला गेला आणि काट्यांनी सोलून निघाला. मग एकाने कवठाला आकडी मारली, ती निसटून निंबात गेली, नेमकी गांधीलमाश्यांच्या पोळ्यात. तिथून पुढे नुसती कत्तल. कॅरेट डोक्यावर उलटं घालून माणसं धावत होती, आणि कॅरेटला भोकं असतात. मुकादम विहिरीजवळच्या हौदात पडला. मी ट्रकच्या केबिनमध्ये काचा लावून बसले होते. नंतर सगळ्यांना चुना लावताना चेहरा गंभीर ठेवला, त्याचे तरी गुण मला द्यावेत.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे जेसीबी, झाडं तोडायची राहिली होती तरी. हे बघून मात्र मी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याने घाणेरी मुळासकट उचकटली, पाणवठा दाबला, बोरीची कंबर मोडली. घोरपड डांबरी रस्ता ओलांडून गेली. मुंगूस कुठे गेलं, दिसलं नाही. दुपारपर्यंत काळी माती उघडी पडली, आणि निंबापासून पन्नास पावलांवर ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

शेजारी म्हणाला, चाल पुढे. ड्रायव्हरने मुकादमाकडे बोट दाखवलं. तो राहिलेली कॅरेटं न्यायला आला होता, एक डोळा मिटलेला, ओठाचं वांगं झालेलं.

"मालक, तुमीच बसा मंग मशिनीवर," ड्रायव्हर म्हणाला.

शेजाऱ्याने निंबातल्या पोळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे वळला. "वहिनी, हे तुमीच केलं."

मी शपथ घेतली. वरुडात अजून कोणी विश्वास ठेवत नाही.

"राहू द्या मंग," तो म्हणाला. "पावसाळ्यापर्यंत."

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला, बाग तोडली का म्हणून. तोडली, मी म्हटलं. समोरच्या उघड्या मातीवर उंदराला लपायला आता जागाच नव्हती. पिंगळा आला, एक उचलला, फांदीवर बसून त्याचं मुंडकं उपटलं आणि ढोलीत शिरला. आत तीन तोंडांचा दंगा उसळला. मी फाटकाची किल्ली शेजाऱ्याच्या हातात दिली, आणि लंगडत बसथांब्याकडे निघाले.