चांद्याच्या जागेवरची गाडी

आकुर्डीत चिमाजी कुट्याचं नाव निघालं की लोक आधी मान डोलवायचे, मग हसायचे. मान डोलवायचे ती त्याच्या कानासाठी. कंपनीतलं कुठलंही यंत्र बिघडलं की हा फिटर त्याला नुसता कान लावून उभा राहायचा आणि दुखणं कुठं आहे ते सांगायचा. आणि हसायचे ते त्याच्या गोठ्यातल्या गाडीला. ती त्याच्याच हातची, त्याच्याच घरची, आणि एवढी वर्षं झाली तरी गावाची वेस काही ओलांडत नव्हती.

गोठा मूळचा बैलांचा. कुट्यांचं रान कंपन्यांच्या शेडखाली गेलं तेव्हा भरपाई आली, घरावर पत्रे आले, चिमाजीला नोकरी लागली आणि बैलांना काम उरलं नाही. जोडीतला एक म्हातारा होऊन मेला. राहिलेला चांद्या चाकणच्या बाजारात विकला. चिमाजीची आई तानुबाई त्या दिवशी चुलीपाशी गेली नाही. पुढं कैक वर्षं गोठा ओसाडच होता. शेणाचा वास गेला आणि उंदरांचा आला.

त्र्याहत्तर साली त्या गोठ्यात डॉज आली. देहूरोडच्या लष्करी लिलावात निघालेली ती जुनी पिकअप दोन-तीन हात फिरून चिमाजीच्या पदरी पडली. मूळचं पेट्रोलचं इंजिन कुणीतरी काढून टाकून त्या जागी डिझेलचं बसवलं होतं, आणि बसवता बसवता त्याला जेवायला हाक आली असावी, कारण निम्मे नटबोल्ट लावायचेच राहिले होते. ट्रॅक्टरला बांधून ती गावात आली तेव्हा चिमाजीची बायको शालनबाई दारात उभी होती. तिनं गाडीकडं पाहिलं, मग गोठ्याकडं पाहिलं.

"तिथं दोन खोल्या निघत्यात," ती म्हणाली.

तिचं काही चुकत नव्हतं. गावात ज्याच्या त्याच्या परड्यात खोल्या उठत होत्या. लातूरकडची, कोकणातली पोरं कंपनीत लागत आणि वळकटी काखेत मारून दारोदार जागा विचारत फिरत. चार पत्रे मावतील तिथं लोकांनी भाडेकरू ठेवले होते. "इंजनाला भाडं पडत न्हाई," शालनबाई म्हणाली. चिमाजी म्हणाला, "चालू झाली की बघशील." मग पहिली पाळी सुटली की आंघोळ, चहा आणि गोठा, असं त्याचं आयुष्य सुरू झालं.

काम तो जीव लावून करायचा. चेमटलेला पत्रा ठोकून सरळ केला. मागच्या हौद्याला बाभळीच्या फळ्या मारल्या. डिझेलची जुनी टाकी गंजून चाळणी झाली होती, म्हणून नवी टाकी त्यानं स्वतः पत्रा कापून, वेल्डिंग मारून बनवली. नरसाळ्याची कटकट नको म्हणून तिचं तोंड चांगलं तांब्याच्या तोंडाएवढं रुंद ठेवलं आणि वर फिरकीचं झाकण बसवलं. एक थेंब पाझरत नव्हता. आल्यागेल्याला तो टाकी बोटानं वाजवून दाखवायचा.

त्या साली पोळ्याच्या दिवशी तो गाडीखाली उताणा पडून एका आडमुठ्या बोल्टाशी झुंजत होता. तानुबाई ताट घेऊन आली.

"चिमा, हेचं तोंड कुटं?"

"कुणाचं?"

"हेचं रं. चांद्याच्या जागेवर हुबं हाय. सणाचं उपाशी ठिवायचं व्हय?"

चिमाजीच्या डोळ्यात नुकताच गंज पडला होता. "ते काय, ते झाकण. तिथनं पितंय ते. आता जा, आये, डोकं खाऊ नगं."

म्हातारी गेली. तो पुन्हा बोल्टाशी भांडायला लागला, आणि बोल्ट निघाला त्या आनंदात बाकीचं सगळं विसरला.

इंजिन पहिल्यांदा पेटलं तेव्हा अर्धी आळी गोळा झाली. धुराचा लोट निघाला, पत्रे थरथरले, शालनबाईसुद्धा पदर तोंडाला लावून बाहेर आली. गाडी झकास चालली. बिडी ओढून होईपर्यंत चालली. मग कुणी गळा दाबावा तशी घुसमटली, दोन उचक्या दिल्या आणि गप्प झाली. लोक हसत पांगले.

तेव्हापासून हेच. थोडा वेळ थांबून स्टार्टर मारला की चालू. चालू झाली की चांगली खणखणीत. आणि खणखणीत आहे म्हणून चिमाजी गिअर टाकायला जातो तोवर बंद! डिझेलच्या नळीत हवा शिरली की असं होतं, म्हणून तो हवा काढायला बसायचा. पंपावरचा बारीक बोल्ट सैल करायचा, हातानं डिझेल ढकलत राहायचं, फेस जाऊन सलग धार लागली की बोल्ट आवळायचा. हे त्यानं इतक्यांदा केलं की त्याच्या हाताचा वास जाईना. भाकरी मोडली तरी भाकरीला डिझेलचा वास. शालनबाईनं त्याचं ताट आणि तांब्या वेगळा काढला.

त्यानं फिल्टर बदलला. तांब्याची नळी नवी टाकली. पंप पुण्याला नेऊन खोलून आणला, दुकानदार म्हणाला पंपाला काही झालेलं नाही, तेव्हा चिमाजीला पंपाचाच राग आला. ओव्हरटाइम त्या गाडीच्या घशात गेला. आणि कान! कंपनीत ज्या कानाला साहेब लोक मानत, तो कान त्यानं इंजिनाला तासन्‌तास लावला, आणि इंजिन त्याला प्रत्येक वेळी एकच सांगायचं, की मी धडधाकट आहे, मला उपाशी मारतोयस तू.

बुद्धविहारामागं राहणारा भीमराज त्याचा दोस्त. एसटीच्या वर्कशॉपला होता, डिझेल इंजिनात उभं आयुष्य गेलेलं. तो एकदा येऊन बसला, गाडी चालू होताना पाहिली, बंद होताना पाहिली.

"टाकी उतरव, चिमाजीराव."

"टाकीला काय झालंय? माझ्या हातची हाय ती."

"तुझ्या हातची हाय म्हणून तर म्हणतोय, भावा. सुगरणीला कुणी सांगतं का, बाई, भाकरीत खडा हाय म्हणून?"

चिमाजी तडकला. सायकलचा पंप आणला, नळी इंजिनाकडून सोडवली आणि टाकीच्या दिशेनं हवा मारली. टाकीत गुळगुळ वाजलं. "ऐक! वाट मोकळी हाय का न्हाई?"

"वाजतंय खरं," भीमराज म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

त्या हवा मारण्यानं गाडी त्या दिवशी आळीच्या टोकापर्यंत गेली. म्हणजे टाकी निर्दोष, हे चिमाजीच्या डोक्यात खिळ्यानं ठोकल्यासारखं बसलं. परतीला ती बंद पडलीच, आणि ढकलत आणावी लागली.

अशानं सत्त्याहत्तर उजाडलं. शालनबाईचा भाऊ दौलतराव तळेगावहून आला, गोठ्यात डोकावला, पावलांनी जागा मापली.

"दाजी, राग मानू नका. माझ्या वळखीचा भंगारवाला हाय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घिऊन येतो. अक्काच्या खोल्या तरी हुतील."

चिमाजीनं शालनबाईकडं पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. म्हणजे बोलणं आधीच झालं होतं.

"ये घिऊन," चिमाजी म्हणाला. "पर पोळ्याला ही गाडी वेशीबाहेर काढून आईला तिच्या माहेरी महाळुंग्याला नेणार. गेली तर भंगाराचं नाव काढायचं न्हाई. न्हाई गेली तर ने उचलून, मी आडवा येणार न्हाई."

तानुबाई आतून म्हणाली, "माझं लुगडं काढून ठिवा गं."

पोळ्याला गावात पूर्वी जोड्यांची रांग मारुतीपासून ओढ्यापर्यंत लागायची. त्या साली चार-पाच जोड्या निघाल्या. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, पुढं हलगी. चिमाजीनं सकाळी सगळी हवा काढली, नमस्कार केला आणि गाडी मारली. शेजारी तानुबाई नव्या लुगड्यात ताठ बसलेली. गाडी आळीतून निघाली, मारुतीला वळसा घालून वेशीत आली, आणि वेशीच्या बरोबर मधोमध उचकी देऊन थांबली.

मागं हलगी थांबली. बैल थांबले.

"चिमाजी, बैल बसला की शेपटी पिरगाळत्यात. हेची शेपटी कुटंय?"

"गूळ दावा गूळ!"

चिमाजी कुणाकडं न बघता खाली उतरला. बोल्ट सैल केला, हवा काढली, मारली. गाडी वेशीच्या कमानीपलीकडं जरा सरकली, पुन्हा घुसमटली. पुन्हा उतरला. सदऱ्यावर डिझेल उडालं. पाना हातातून निसटला आणि बोट सोललं. तिसऱ्यांदा तर इंजिनानं नुसता सुस्कारा टाकला.

सर्वांत पुढच्या जोडीचा मालक साहेबराव काळभोर पुढं आला. "चिमाजी, देवाला जायची वाट अडलीय रं."

"मग बांध तुझी जोडी आन् वढ मागं," चिमाजी दात खाऊन म्हणाला.

"आज? पोळ्याला बैलाच्या मानंवर जू ठिवू व्हय?" साहेबरावनं कानाला हात लावला. "आज माणसं जुंपा."

आणि गावानं माणसं जुंपली. जाड दोराचा सोल आणला, मागच्या हुकाला बांधला, आणि धोतरवाले, पँटवाले, रात्रपाळी करून आलेले, सगळे ओढायला लागले. कुणीतरी एकाच्या गळ्यात घुंगरमाळ घातली. हलगीवाल्यानं तर त्यांच्याच पुढं हलगी धरली. सजलेले बैल कडेला उभे राहून रवंथ करत हे बघत होते. गाडीची दिशा सांभाळायला चिमाजीला स्टिअरिंगवर बसणं भाग होतं. खाली मान घालायचीही सोय नव्हती. शेजारी तानुबाई मात्र मिरवणुकीतल्यासारखी बसली होती. दौलतराव कोपऱ्यावर उभा होता. त्यानं तेवढा चेहरा दुसरीकडं वळवला, हा त्याचा भलेपणा.

गाडी गोठ्यात लागली. माणसं पांगली. भीमराज तेवढा मागं राहिला. चिमाजी पायरीवर बसला आणि सोललेल्या बोटाकडं बघत राहिला. उद्या भंगारवाला. एवढा पत्रा ठोकला, एवढ्या संध्याकाळी घातल्या, आणि दुखणं कुठं आहे तेच कळलं नाही. त्याला यापेक्षा जास्त काही झोंबत नव्हतं.

तानुबाई घरातून ताट घेऊन आली. "फिरून आलाय माझा चांद्या," म्हणत तिनं पुढच्या चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला कुंकू लावलं, ओवाळलं. मग टाकीपाशी गेली. सवयीच्या हातानं फिरकीचं झाकण उघडलं, तुपात भिजलेला पुरणपोळीचा घास मुडपून आत सोडला, वर चिमूटभर अक्षता, वर झेंडूच्या पाकळ्या. झाकण लावलं.

चिमाजी उठला.

"आये... काय केलंस?"

"घास दिला."

"दर साली देतीस?"

"बैलाला काय एकदाच घालत्यात? तूच तर तोंड दावलंस."

भीमराज हसला नाही. त्यानं फक्त पाना उचलून चिमाजीच्या हातात दिला.

टाकी उतरवून दोघांनी अंगणात उपडी केली. आधी डिझेल आलं, मग तांदूळ, आणि मग शेणकाल्यासारखा काळा गाळ, त्यात पुरणाच्या गोळ्या आणि वर्षानुवर्षांच्या पाकळ्या. इंजिन ओढायला लागलं की त्या पाकळ्या नळीच्या तोंडावर जाऊन चिकटत. ते थांबलं की सुटून तरंगत. सायकलच्या पंपानं चिमाजी त्यांनाच बाजूला करत आला होता.

राग कुणावर काढावा ते त्याला कळेना. म्हातारीवर काढावा तर तोंड त्यानंच दाखवलेलं. टाकीवर काढावा तर ती त्याच्याच हातची, आणि तांब्याएवढं रुंद तोंडही त्याचंच डोकं. शेवटी त्यानं पाना उंदराच्या बिळाकडं फेकला आणि दोन मिनिटांनी स्वतःच जाऊन उचलून आणला, कारण त्या मापाचा तेवढा एकच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतराव भंगारवाल्याला घेऊन आला, तेव्हा धुऊन वाळवलेली टाकी जागेवर बसलेली होती. गाडी सुरू झाली आणि भंगारवाला रिकाम्या हातानं परतला. तानुबाईला शेजारी घेऊन ती वेशीतून गेली. निगडी मागं पडली, तळवडं मागं पडलं. चिमाजी दर वळणावर उचकीची वाट बघत होता, आणि उचकी येत नव्हती. महाळुंग्यात पोचल्यावरही त्यानं इंजिन बंद केलं नाही. इतकी वर्षं बंद होणाऱ्या गाडीला आपल्या हातानं बंद करायला त्याचा हात धजेना. तानुबाईची भावजय हातात भाकरी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "ह्येला काय घालायचं असतंय, वन्सं?"

"काही न्हाई!" चिमाजी एवढ्यानं ओरडला की कोंबड्या उडाल्या.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा गोठ्याच्या दारात विटांचा ढीग पडला होता आणि दौलतराव दोरीनं पाया आखत होता.

"अगं, चालली ना गाडी!" चिमाजी म्हणाला. "ठरलं हुतं!"

"भंगारात न्हाई दिली," शालनबाई म्हणाली. "चालती गाडी रस्त्यावर ऱ्हाती. गोठ्यात अडून बसायचं, ते अडलेल्यानं."

डॉज रस्त्याकडेच्या लिंबाखाली गेली. गोठ्यात उस्मानाबादचे दोन भाडेकरू आले. चिमाजीनं टाकीच्या झाकणाला कुलूप बसवलं आणि किल्ली करगोट्याला बांधली.

पुढच्या पोळ्याला तानुबाई ताट घेऊन लिंबाखाली उभी राहिली. "चिमा, किल्ली दे."

"न्हाई."

"सणाचं उपाशी ठिवतोस?"

"आये, एकदा सांगितलं न्हाई म्हंजे न्हाई!"

ती हलली नाही. घास हातात धरून उभीच. रस्त्यानं पहिल्या पाळीची माणसं चालली होती, थांबून बघायला लागली होती. चिमाजीनं इकडं तिकडं पाहिलं, कपाळावर हात मारला आणि तिच्यासमोर वाकून तोंड उघडलं.

"दे. हेच्या वाटचा मला घाल."

तिनं घास भरवला, वर कुंकूही लावलं. तो चावता चावता कुरकुरला, "डिझेलचा वास येतोय हेला."

"तुझ्याच तोंडाला येतोय," म्हातारी म्हणाली, आणि राहिलेल्या अक्षता तिनं बॉनेटवर टाकल्या.