साकव आणि सहा अर्ज

चौथीत मी टिकले ती गुरुजींमुळे. लावणीच्या दिवसांत आई मला शेतावर न्यायची आणि गुरुजी माझ्या नावापुढे हजेरी लावून टाकायचे. बौद्धवाडीतली मुलगी शाळेतून गळायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढे ग्रामपंचायतीत आमच्या वाडीची जागा बाईसाठी राखीव झाली, तेव्हा रिटायर झालेले गुरुजी घरी आले. "तू उभी राहा, मी आहे," म्हणाले. मी दुसरा विचार केला नाही.

निवडून आले. तेही आले आणि उपसरपंच झाले. पहिल्याच मीटिंगला त्यांनी सांगितलं, सदस्यांनी बैठकीचा भत्ता घ्यायचा नाही, सेवा म्हणजे सेवा. पटापट हात वर झाले. कुणाला पेन्शन, कुणाचं दुकान, कुणाची मुलं मुंबईहून पैसे पाठवतात. मी बिरवाडीला कंपनीत ठेकेदाराकडे पॅकिंगला जाते. मीटिंगला बसले की कामावर खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. भत्ता काही मोठा नव्हता, पण थोडी झीज भरून निघाली असती. गुरुजींसमोर हात खाली ठेवायची माझी छाती झाली नाही. नंतर पेपरात आमचा फोटो आला. त्यात मी हसतेय, मूर्खासारखी.

मला पंचायतीत एकच काम करून घ्यायचं होतं. आमच्या वाडीच्या ओढ्यावर साकव, पायी जाण्यापुरता छोटा पूल. पावसाळ्यात शाळेची पोरं हात धरून पाण्यातून जातात आणि आजारी माणसाला खुर्चीत बसवून पलीकडे न्यावं लागतं. पैसे आले होते एकाच कामापुरते. साकव तरी, नाहीतर गुरुजींच्या आळीतला काँक्रीटचा रस्ता तरी. मतं चार विरुद्ध तीन पडली आणि साकव मंजूर झाला. चौथं मत माझं होतं. गुरुजी हसून म्हणाले, "चालायचंच, लोकशाही आहे."

मग कंपनीत नवा ठेकेदार आला. आता खाडा केलास तर परत येऊ नको, म्हणाला. मी गुरुजींना विनंती केली, मीटिंग रविवारी घ्या, मला सुट्टी असते.

"ग्रामसेवक रविवारी येत नाहीत, बाळ," ते म्हणाले. "तू कशाला जिवाला घोर लावून घेतेस? रजेचा अर्ज लिहून माझ्याकडे देत जा. मी मीटिंगपुढे ठेवतो."

दर महिन्याला कामावर जाताना मी त्यांच्या अंगणात थांबायचे. ते अर्ज वाचायचे, घडी करून खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "जा, गाडी चुकेल." असे सहा महिने.

सातव्या महिन्यात नोटीस आली. सलग सहा महिने विनापरवानगी गैरहजर. सुनावणीत ग्रामसेवकांनी दप्तर उघडून सांगितलं की माझा एकही अर्ज आलेला नाही. मी गुरुजींकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते. माझं सदस्यपद गेलं. त्यानंतरच्या मीटिंगला साकवाचा ठराव फेरविचाराला घेतला, मतं तीन-तीन झाली आणि सरपंचांनी आपलं जादा मत रस्त्याला दिलं.

आई म्हणाली, "गुरुजी असं करणार नाय गो. तुझीच काय तरी चूक झाली असंल."

माझीच चूक निघावी, असं मलाही वाटत होतं. म्हणून रविवारी त्यांच्या घरी गेले. विचारल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि एक फाईल काढली. सहाही अर्ज त्यात होते, तारखेप्रमाणे लावलेले.

"मी कुणाचा कागद फाडत नाही," ते म्हणाले.

"मग दिले का नाहीत?"

"मीटिंगला येऊ शकेल असं माणूस हवं. तुला जमत नव्हतं."

"रविवार मागितला, तो दिला नाहीत. भत्ता होता, तो सोडायला लावलात."

"मी जबरदस्ती केली नव्हती. तू स्वतः हात वर केलास."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच जास्त झोंबलं.

"शाळेत मी नसतानाही मला हजर लावायचात, गुरुजी."

"तेव्हा तू चौथीत होतीस."

मला सगळं कळलं. चौथीतल्या पोरीला मत नसतं. तिच्यावर उपकार करता येतात. मी त्यांच्या आळीविरुद्ध हात वर केला त्या दिवशीच त्यांची विद्यार्थिनी राहिले नव्हते, आणि मी मात्र अजून त्यांच्या वर्गात बसले होते. इतका राग आला की रडूही येईना. आतून चहा आला. मी तो घेतला नाही, अर्ज घेतले आणि निघाले.

ओढ्याला मांडीएवढं पाणी होतं. चपला एका हातात घेतल्या आणि अर्ज भिजू नयेत म्हणून दुसऱ्या हातात उंच धरले. आता ते भिजले काय नि सुकले काय, तरीही धरले.

आई पलीकडे उभी होती. "तुझीच चूक निघाली ना गो?" तिनं विचारलं, आशेनं विचारलं. मी कागद तिच्या हातात दिले. तिला वाचता येत नाही. तिनं ते एकेक करून मोजले, पुन्हा मोजले, आणि माझ्याआधी तीच रडायला लागली.