आधी अळणी मागा

आमच्या घरचा फोन म्हणजे अख्ख्या कोल्हापूरचं चौकशी केंद्र. अंबाबाईला येणारा, जोतिबाला जाणारा, मलकापूरवरून कोकणात उतरणारा, ज्याला त्याला आमच्या ह्यांचा नंबर पाठ. "पावणं, ऐका," म्हणून हे सुरू करायचे. मिसळीबरोबर ब्रेडच खायचा, पाव मागून इज्जत घालवायची न्हाय. बोर्डावर 'व्हेज कोल्हापुरी' दिसलं की तिथनं सुटायचं. मटण बुधवारी न्हायतर रविवारी, तेबी आमच्या पेठेच्या बोळातल्या खानावळीत, साडेबाराच्या आत. आणि बसल्या बसल्या आधी अळणी मागायचं. अळणी म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, बिनमिरचीचं. "बोर्डावर न्हाय ते. मागितल्याबिगर देत न्हाईत."

मला हे सगळं तोंडपाठ आहे. आणि लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी त्या खानावळीची पायरी मी चढले नव्हते.

पाव्हण्यांना घेऊन हे जायचे, मी घरी भाकऱ्या थापायची. कधी विषय काढलाच तर म्हणायचे, "आपल्याच गावात आपण हाटेलात जेवायचं व्हय? शेजारणी म्हणतील आज चूल पेटली न्हाय." मी फारच फुगले की, "नेतो की! पुढच्या बुधवारी." माझं मागणं काय मोठं नव्हतं हो. एकदा समोरासमोर बसायचं, दुसऱ्या कुणीतरी वाढायचं, आणि ह्यांनी मला पाव्हणीसारखं सांगायचं, आधी हे घे, मग ते घे. एवढंच.

हे रिटायर झाले आणि एकदाचा खरंच बुधवार ठरला. मी साडी इस्त्री करून ठेवली. सोमवारी सकाळी दाढी करता करता ह्यांचं तोंड वाकडं झालं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणंही गेलं. तेव्हापासून नाकात नळी. डॉक्टर आधी "बघू" म्हणायचे, आता "आहे तसं चालू ठेवा" म्हणतात. मी काही डॉक्टर नाही, पण एवढं मला कळतं.

फोन मात्र थांबले नाहीत. सुरुवातीला मी सगळं खरं सांगायची. लोक "अरेरे" म्हणायचे आणि मिनिटभरानं, "बरं वहिनी, ती खानावळ नेमकी कुठं?" मेल्यांना लाज कशी नाही! पण सांगायची मी. ह्यांच्या कॉटपाशी उभी राहून, मुद्दाम मोठ्यानं. वाटायचं, ऐकून निदान भुवई तरी हलेल. एकदा तर मी मुद्दाम म्हटलं, "मिसळीबरोबर पाव मागा, पाव." जुने हे असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. हे छताकडे बघत होते.

गेल्या बुधवारी दवाखान्यातल्या आहाराच्या बाई म्हणाल्या, मटणाचं पाणी गाळून द्यायला हरकत नाही, तिखट तेवढं नको. मी शेजारणीला ह्यांच्यापाशी बसवलं, डबा घेतला आणि निघाले. साडेबाराच्या आत पोचले.

गल्ल्यावरचा मालक म्हणाला, "एकट्याच? बसा की, ताट लावतो."

"ताट नको. डब्यात अळणी द्या."

तो हसला. "साहेबांचं पावणं दिसताय. हे मागायचं त्यांनीच सांगितलं आसंल."

"बायको हाय मी त्यांची."

"व्हय? वैनी, तुम्हाला कधी बघितलंच न्हाय की हो इथं."

पैसे दिले. डबा घेतला आणि आले.

घरी येऊन फडक्यातून दोनदा गाळलं, कोमट केलं, सिरिंजमध्ये भरून हळूहळू नळीत सोडलं. आणि सवयीनं माझ्या तोंडातून गेलं, "कसं झालंय?" मग माझं मलाच उमगलं. ते नाकातून सरळ पोटात गेलं होतं. ह्यांच्या जिभेला थेंबभरसुद्धा लागलं नव्हतं. फार राग आला मला. ह्यांचा आला, माझा आला, एकतीस वर्षं पुढं ढकललेल्या त्या बुधवारांचा आला. नळी धुताना मी रडून घेतलं.

डब्यात वाटीभर उरलं होतं. स्टूल ओढून मी ह्यांच्या समोर बसले आणि ते पाणी मीच प्याले. चव चांगली होती, हे सांगायचे तशीच.

वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "आता पुढं काय मागवू?"

हे छताकडेच बघत होते.