विमलकाकूचा राहून गेलेला भाग

गोंदियाला जाणारी बस राजेगावला थांबली होती, तेव्हा काकांचा फोन आला. "येऊ नको आता बेटा… आम्हीच तिले घेऊन येऊन राह्यलो." मला वाटलं, काकूला दवाखान्यातून सुट्टी मिळाली. तसं मी विचारलंसुद्धा. काकांनी फोन ठेवून दिला… मग समजलं, काकू गेली. माझ्या मोबाईलमध्ये तिच्यासाठी उतरवून घेतलेला कोरियन मालिकेचा शेवटचा भाग होता. त्या दुपारी आम्ही दोघी तो मिळून पाहणार होतो, आणि मी तो पहिल्यांदाच पाहते आहे असं सोंग करणार होते.

विमलकाकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. आमच्या गावातली सीट महिलांसाठी राखीव झाली तेव्हा ती पाच वर्षं सरपंच होती. सरपंच कसली! सही तिची, खुर्ची काकांची. बैठक भरली की काकू आतून चहा पाठवायची, आणि सगळ्यांसारखी तीही काकांनाच 'सरपंचसाहेब' म्हणायची. पुढे दोघं बालाघाटला आमच्या गल्लीत राहायला आली. मुलगी सासरी मलाजखंडला. शाळा सुटली की मी काकूकडे चहाला जायची, आणि एकदा निव्वळ चेष्टा म्हणून ही मालिका मीच तिला लावून दिली.

हिंदीत डब केलेली. राष्ट्रपतीचा खून होतो, त्याची मुलगी राजकारणात उतरते, तिचा अंगरक्षक तिच्यावर जीव टाकतो, आणि घरातलंच कुणीतरी फितूर असतं. मला वाटलं, काकूला दहा मिनिटांत डुलकी लागेल. कसलं काय! "अवं, हे तं आपल्या पंचायतीतलंच आहे," म्हणाली आणि सरसावून बसली. जो सगळ्यात खाली वाकून नमस्कार करेल त्याच्यावर तिचा संशय. माझ्या अंदाजांचा ती बाजार उठवायची. प्रेमाच्या प्रसंगांना पदर तोंडाला लावून खुदुखुदु हसायची. पण ती खरी अडकली एका साध्याच दृश्यात. नायिका मोठ्या बैठकीला निघते, अंगरक्षक तिच्यासाठी दार उघडतो, आणि स्वतः बाहेरच उभा राहतो. काकूनं ते मला तीनदा मागं घ्यायला लावलं. "पाहाय… आत नाही गेला वं. बाहीरच राह्यला." तिचे डोळे भरले होते. ओसरीत आमच्याकडे पाठ करून बसलेले काका म्हणाले, "चाललं का तुमचं पुन्हा?" मालिका कशासाठी बघायची, हे मला त्या दिवशी तिच्याकडून कळलं.

दोघींनी मिळूनच पाहायचं, एकटीनं नाही, हा काकूचा कायदा. शेवटचा एकच भाग उरला, आणि तिला गोंदियाला भरती करावं लागलं. त्याच आठवड्यात मी तो पाहून टाकला. कारण काही नाही, राहवलं नाही. इतकंच. पुढच्या रविवारी भेटायला गेले तर काकूच म्हणाली, "तू पाहून घे बेटा, अन् मले सांग. तो पोरगा वाचते का?" 'वाचतो', एवढंच म्हणायचं होतं. पण चोरी उघडी पडेल म्हणून मी तिचा हात धरून म्हणाले, "तुझ्याबिगर कशी पाहीन? मी थांबली आहो ना तुझ्यासाठी." तिचा चेहरा असा काही फुलला… वर मी स्वतःची समजूत घातली, की कुणीतरी आपली वाट पाहतंय म्हटल्यावर ही लवकर बरी होईल. मन चोर असलं की त्याला शहाणपण फार सुचतं.

तेरवीपर्यंत टीव्ही बंद, त्यावर चादर टाकलेली. तेरवी आटोपली, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी स्वतःच चादर काढली. "लाव तो शेवटचा," म्हणाले. मी मोबाईल काढला. "मी दवाखान्यात तिले म्हटलं होतं, माझ्या मोबाईलवर लावून देतो. नाही म्हणे. पोरगी माझ्यासाठी थांबून आहे, मी एकटी कशी पाहू…"

ती माझ्या खोटेपणाला जागली होती, आणि मी तिच्या कायद्याला जागले नव्हते.

मी भाग लावला. काकूची खाट रिकामी होती. काका तिच्या पायथ्याशी सतरंजीवर बसले, पहिल्यांदाच टीव्हीकडे तोंड करून. अंगरक्षकाला गोळी लागली तसे ते पुढं सरकले. "वाचते का वं हा?"

"माहीत नाही, काका," मी म्हणाले. पुन्हा!

आता रोज दुपारी ते मला बोलावतात. पहिल्या भागापासून सुरुवात केली आहे. खाटेवर आम्ही दोघंही बसत नाही. गोंदियाहून येणारा हा पेपर काका शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, म्हणून तोंडानं जमलं नाही ते इथं लिहिते… काका, मला माहीत होतं. काकूनं विचारलं तेव्हाही माहीत होतं.