अप्पांचा डोंगर आणि वाटेतली आंबील

पुण्याकडचे लोक रविवारी डोंगर चढतात. आम्हा लातूरकरांना आधी डोंगर शोधावा लागतो. तरी शोधणारे आहेत. कुणी खरोशाच्या लेण्यांवर जातं, कुणी औशाच्या किल्ल्याच्या तटावर फोटो काढून येतं. या सगळ्यांच्या डोक्यावरच्या टोप्या आणि पायातले कॅनव्हासचे बूट आमच्या शेजारच्या भीमाशंकर अप्पांच्या दुकानातले. अप्पांनी अर्धा जिल्हा डोंगरावर धाडला. स्वतः मात्र गादीवरून उठायचे ते जेवायला, पूजेला आणि माझ्याशी भांडायला.

मी आनंदराज, त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. त्यांना चिडवणं हे काम मी सरकारी नोकरीपेक्षा जास्त इमानाने करतो.

यंदा थंडी पडल्यावर अप्पांनी मला ओट्यावर बोलावलं.

"आनंदा, गुडघे बदलायची तारीख लागली बघ. पुढच्या आठवड्यात. डाक्टर म्हनला, मग सपाटीवर फिरा, डोंगराचं नाव काढू नका."

"तुमचं काय अडतंय मग? तुम्ही डोंगर कॅलेंडरवरच बघता."

अप्पा हसले नाहीत. म्हणजे प्रकरण गंभीर.

"वडवळच्या बेटावर जायचंय. येळवशीला."

बेट म्हणजे पाण्यातलं नव्हे; सपाट रानात एकटी उभी असलेली टेकडी. आणि येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमचं लातूर ओस पडतं, कारण सगळं गाव शेतात जेवायला जातं. अंधार पडायच्या सुमाराला शेतकरी कडब्याचा पेटता हेंडगा हातात घेऊन पिकाभोवती फेरी मारतात. बूट घ्यायला आलेल्या कुणा मास्तरांनी अप्पांना कधीतरी सांगितलं होतं, की त्या वेळी बेटावर उभं राहिलं तर खाली मुलूखभर विस्तव चालताना दिसतात. ते ऐकल्यापासून अप्पांच्या मनात ते घर करून बसलं. दरवर्षी 'पुढच्या साली' म्हणायचे. आता पुढचं साल उरलं नव्हतं.

"एकदा वरून बघायचंय. मग कापा म्हनावं काय कापायचं ते."

आतून अप्पांच्या बायको शिवकांताकाकू ओरडल्या, "येळवशीला रानातून पायी? तुमाला कोन जाऊ देतंय!"

आम्ही दोघे शहाणे हसलो.

येळवशीच्या सकाळी वडवळला उतरलो तेव्हा ऊन कोवळं होतं आणि बेट समोरच दिसत होतं. अप्पांनी स्वतःच्या दुकानातली नवी टोपी घातली होती, किमतीची चिठ्ठी तशीच लोंबत होती. पहिला बांध ओलांडतो न ओलांडतो तोच हाक आली.

"ओ अप्पा! माज्या रानातून उपाशी चाललात व्हय?"

मलप्पा. जुनं गिऱ्हाईक. येळवशीला बांधावरून जाणारा माणूस न जेवता गेला, तर शेतातल्या लक्ष्मीचा अपमान होतो. त्यातून अप्पा दुकानदार; उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला नाही म्हणालेले नाहीत. कडब्याच्या कोपीत बसलो. भज्जी, उंडे, खीर, वर तांब्याभर आंबील.

"अजून घ्या की. लातूरला मिळतंय का असं?"

"बास, मलप्पा. डोंगर चढायचाय."

"डोंगर कुटं पळून चाललाय?"

डोंगर पळत नव्हता, ऊन पळत होतं. पुढच्या शेतात सोमेश वाटेतच आडवा झाला. "मलप्पाकडं जेवलात आन् माज्याकडं न्हाई? गावात काय तोंड दाखवू?" त्याच्याकडे जेवलो. पलीकडच्या बांधावर त्याचा चुलता उभाच होता, आणि त्याचं नि सोमेशचं पटत नव्हतं. म्हणून तिथे थोडं जास्तच जेवलो.

"अप्पा, टोपीसंगं पट्टा पण मोठा आनायला पाहिजे होता," मी म्हणालो.

"गप रे," अप्पा कळवळून म्हणाले. एक हात पोटावर, दुसरा गुडघ्यावर. पळवाट म्हणून आम्ही नाल्यातून वाकून चालायला लागलो. आंबील चुकवायला साठी ओलांडलेला व्यापारी चोरासारखा नाल्यातून चाललाय, हे बघून मला इतकं हसू आलं की त्या आवाजानेच दोन शेतांतली माणसं धावत आली.

बेटाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. पायवाट समोर होती. अप्पांनी पाय उचलला, तो वर गेलाच नाही. दगडावर हात टेकून पुन्हा उचलला. मग तिथेच खाली बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. 

"खांद्यावर घेऊ का?"

"तुज्यानं मी उचलनार हाय का? जा. तू तरी वर जा. फोनवर सांग काय दिसतंय. आन् फेकू नको."

तेवढ्यात शेवटच्या शेतातून एक बाई आल्या. नीलाबाई, याही दुकानच्या गिऱ्हाईक. अंधार पडत आला होता, म्हणून त्या जेवायचं काही बोलल्या नाहीत. पदर सावरत म्हणाल्या, "अप्पा, मालक यंदा गेले. पोराला पुन्याहून रजा न्हाई मिळाली. हेंडगा फिरवायला मानूस न्हाई बगा. तेवडं करता का?"

अप्पांनी एकदा वर बेटाकडे पाहिलं, एकदा बाईंच्या हातातल्या कडब्याच्या पेंडीकडे.

"आना इकडं," ते म्हणाले.

मी धापा टाकत वर पोचलो तेव्हा अंधार झाला होता. मास्तर खोटं बोलले नव्हते. नजर जाईल तिथपर्यंत विस्तव फिरत होते. बरेचसे पळत होते. अगदी पायथ्याशी एक मात्र लंगडत चालला होता. दोन पावलं टाकायचा आणि थांबायचा.

मी फोन लावला. तो विस्तव थांबला.

"दिसतंय का?" अप्पा धापा टाकत होते.

"दिसतंय. तुम्हीसुद्धा दिसताय."

"मला नुसता ऊसच दिसतोय रे," अप्पा म्हणाले. "सांग की. कसं हाय?"

 "लई हायेत, अप्पा," एवढंच म्हणालो.

"लई म्हंजे?"

खालून नीलाबाईंचा आवाज आला, "अप्पा, इजंल, चला." आणि तो विस्तव पुन्हा लंगडत पुढे निघाला.